हुशार मुलाने मास्तर का व्हावं?

आठवीच्या वर्गात आम्ही विचारलं, “मोठेपणी कोण होणार?” डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस अशी उत्तरं आली. एक मुलगा म्हणाला, “सर, मी उस्ताद होणार.” आम्हाला फार बरं वाटलं. पुढे पालकसभेत त्याचे अब्बा भेटले. हळूच म्हणाले, “सर, त्याला जरा समजवा. मुलगा हुशार आहे, त्याने मास्तरकी कशाला करायची?”

आम्ही गप्प राहिलो, कारण त्यांची काळजी खोटी नव्हती. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. शिक्षक म्हणून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही, मानधन. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये होतं. २०२३ पासून १६,००० झालं. तेवढ्यात घरभाडं द्यायचं, घरीही पाठवायचं. अशा नोकरीसाठी मुलगी द्यायलाही लोक कचरतात.

पैशाइतकाच प्रश्न ओळखीचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत असं म्हटलं, पण जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणूक यांना सूट ठेवली. त्यामुळे मोहल्ल्यात आम्ही दार वाजवलं की आतून आवाज येतो, “यादीवाले आले!” त्याच घरातलं मूल आमच्या वर्गात बसतं.

अशा वेळी फातिमा शेख आठवतात. फुले दांपत्याने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या कामात फातिमाबी सावित्रीबाईंच्या सोबतीण होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाबींची आठवण काढली. आपल्यामागे कामाचा भार तिच्यावर पडत असेल, याची त्यांना काळजी होती. फातिमाबींबद्दल लिहिलेलं फार थोडं उरलं आहे. जे आहे, त्यात एका शिक्षिकेने दुसरीच्या कष्टांची जाण ठेवली आहे.

तेवढी जाण आपल्या घरांतही हवी. मानधन वाढवणं सरकारच्या हाती आहे. काही गोष्टी मात्र आपल्या हाती आहेत. ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ नसलं तरी चालेल, पण मुलांसमोर त्यांच्या शिक्षकांना हिणवू नका. मूल शाळेतून आलं की मार्कांआधी विचारा, “आज उस्तादांनी काय शिकवलं?” पालकसभेला अम्मी-अब्बा दोघंही या. तक्रार असेल तर आमच्यासमोर बोला, आम्ही ऐकून घेऊ.

आणि त्या मुलाच्या अब्बांना आम्ही त्या दिवशी जे सांगू शकलो नाही, ते आता सांगतो. तुमचा मुलगा हुशार आहे, म्हणूनच त्याला मास्तर होऊ द्या. तुमच्या नातवंडांनाही कुणीतरी हुशार माणूसच शिकवायला हवा ना?