नवे गोंदण : पहिले तीन आठवडे

जयंती जवळ आली की हिंगोली-नांदेडच्या टॅटूवाल्यांकडे आपल्या पोरांची रांग लागते. आखाडा बाळापूरच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरूनही पोरं जातात. कोणी मनगटावर ‘जय भीम’ काढतं, कोणी दंडावर बाबासाहेबांचा चेहरा, कोणी अशोकचक्र. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीबाहेर तर रस्त्याच्या कडेलाच मशीन मांडून बसलेले असतात. गोंदू नका, असे सांगायला आम्ही हे लिहीत नाही. आपल्या आज्यांच्या हातावर तुळस आहे, विंचू आहे, कुठल्या तरी देवाचे नाव आहे. ते काढताना त्यांना कोणी विचारले नव्हते. नातू-नात आपल्या मनाने बाबासाहेबांचे नाव काढून घेतात, याचे आम्हाला कौतुकच आहे. पण गोंदण म्हणजे जखम, हे मात्र ती विसरतात.

सुई कातडीच्या वरच्या थराखाली साधारण एक-दोन मिलिमीटर जाते आणि तिथे शाई सोडते. वरचा थर सतत झडून नवा येत असतो, म्हणून तिथली शाई टिकली नसती. खालच्या थरात शरीराच्या संरक्षक पेशी ती शाई परकी वस्तू म्हणून गिळतात आणि तशाच धरून बसतात. म्हणून गोंदण जन्मभर राहते. हे होताना वरच्या कातडीला हजारो बारीक भोके पडलेली असतात. बोटभर खरचटले तर आपण जपतो, इथे तळहाताएवढा भाग उघडा असतो.

गेल्या जयंतीनंतर एक पोरगा आमच्याकडे आला. १३ तारखेला रात्री दंडावर गोंदवले, १४ ला दिवसभर मिरवणुकीत नाचला. घाम, ऊन आणि वरून निळा गुलाल. तिसऱ्या दिवशी आईने हळद-तेलाचा लेप लावून कापड गच्च बांधले. पाचव्या दिवशी कापड सोडले तेव्हा आत पू होता, काखेत अवधाण आले होते, अंगात ताप होता. इंजेक्शने घेऊन हात बरा झाला, पण अक्षरांच्या मधोमध पांढरा वण राहिला.

त्या आईला आम्ही दोष देत नाही. आपला जिल्हाच हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि एप्रिलमध्ये तर शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे असे काम अनेक घरांत चाललेले असते. हळद भाजीत चांगलीच. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, खळ्यावर वाळलेली तर नाहीच. ओल्या जखमेवर तिचा थर बसला की खाली घाण आणि ओल कोंडते. राख, टूथपेस्ट, चुना, बिब्बा यांचेही तेच. ज्यांना हळदीच्या पॉलिशवर किंवा मळणीवर जायचे आहे त्यांनी गोंदण त्या हंगामात काढूच नये; ती धूळ बाहीच्या आतही जाते.

मग करायचे काय? फार काही नाही. टॅटूवाल्याने साधी पन्नी गुंडाळली असेल तर ती दोन-चार तासांत काढा, आपल्या उन्हाळ्यात ती रात्रभर ठेवली तर आत घामाचे डबके होते. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग साधा, वास नसलेला साबण आणि स्वच्छ पाणी घेऊन हलक्या बोटांनी गोंदण धुवा. टाकीतले साठवलेले पाणी असेल तर उकळून गार करून घ्या. घासणी, ब्रश नको. धुतलेल्या सुती कापडाने टिपून घ्या. घरात सगळ्यांनी वापरलेला पंचा नको. सुकल्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, चकाकी येईल इतकाच. जाड थर लावला तर कातडी भिजून राहते. दिवसातून दोन-तीन वेळा एवढेच. सैल सुती कपडे घाला.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून खाज सुटते आणि माशाच्या खवल्यांसारखी साल निघू लागते. सालीबरोबर शाईचा रंगही दिसतो, त्याने घाबरू नका. खपली मात्र नखाने काढू नका. ती ओढली की खालची शाई निघते आणि अक्षर तुटते. फारच खाजले तर वरून हलकेच थोपटा. दोन-तीन आठवडे विहिरीत, कालव्यात, कयाधूच्या पात्रात पोहणे बंद. वरची कातडी तेवढ्या दिवसांत भरते, आतली पूर्ण बसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर थेट ऊन टाळा.

मेडिकलमधून न विचारता मिळणारी, खाज-गजकर्ण सगळ्यावर चालते म्हणून दिली जाणारी ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने लाली दबते, पण जखम भरायला उशीर होतो आणि जंतू आत वाढतात.

पहिले दोन-तीन दिवस थोडी सूज, लाली, पाण्यासारखा स्राव हे चालते. त्यानंतर दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, लाली पसरली, पू आला, ताप आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा काखेत गाठ आली, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर एवढीही वाट पाहू नका. ज्यांचा जुना वण फुगून जाड होतो त्यांनी छाती आणि खांद्यावर गोंदणे टाळावे. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर विचारून घ्या. सैन्य-पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आधी भरतीचे नियम वाचावेत; शरीराच्या कोणत्या भागावर गोंदण चालते याला सैन्यात मर्यादा आहे.

आता सुईबद्दल. जत्रेत, मेळ्यात एकच सुई आणि एकच शाईची वाटी पन्नास जणांना चालते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली म्हणून सुई शुद्ध होत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. कावीळ ‘क’ आणि एचआयव्हीही अशा सुईतून जाऊ शकतात. म्हणून सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा, शाई नव्या छोट्या टोपणात ओतून घ्या, हातमोजे नवे आहेत का बघा. मागायला लाजू नका, पैसे आपण देतो. सुईबद्दल शंका असेल तर एचआयव्हीची तपासणी आता एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा करा. सरकारी तपासणी केंद्रात ती मोफत होते, नाव गुप्त राहते. १०९७ या मोफत क्रमांकावर माहितीही मिळते. काविळीच्या तपासणीचे डॉक्टरांना त्याच वेळी विचारा. कावीळ ‘ब’ची लस मोठ्यांनाही घेता येते : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

एक गोष्ट जयंती मंडळांसाठी. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे गोंदल्यापासून १२ महिने रक्तदान करता येत नाही. १४ एप्रिलच्या शिबिरात दरवर्षी काही धडधाकट पोरं मनगटावरचे ताजे ‘जय भीम’ दाखवतात आणि परत पाठवली जातात. मंडळाने शिबिराचा फलक लावतानाच हे खाली लिहावे, म्हणजे ज्याला दोन्ही करायचे आहे तो रक्त देऊन मग गोंदवायला जाईल.