डब्यात डाळ कुठे आहे?

कर्जत-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणारा असो की चाकणला पहिल्या पाळीला जाणारा, मराठी माणसाचा डबा बहुधा ठरलेला असतो: तीन-चार पोळ्या आणि एक सुकी भाजी. सुकी, कारण रस्सा सांडतो. त्यातही सकाळच्या घाईत बटाट्याची पाळी वरचेवर येते. घरच्या ताटातली आमटी, कोशिंबीर, ताक ही मंडळी डबा भरताना मागे राहतात. पोट भरते, पण खाल्लेले असते ते मुख्यतः पीठ. चार वाजता पुन्हा भूक लागते, चहाबरोबर वडापाव किंवा बिस्किटे येतात आणि डब्याने वाचवलेले पैसे तिथे खर्च होतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे दिली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्या जागी काही अंडी-मांस) धरली आहेत. म्हणजे तीन वाट्या धान्यामागे एक वाटी डाळ. नेहमीच्या डब्यात हा एक वाटा जवळजवळ नसतोच.

गहू-ज्वारी-तांदळातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळींत भरपूर असते. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. म्हणून भाकरी-पिठले आणि वरण-भात या जोड्या पोषणाच्या हिशोबातही पक्क्या आहेत. खर्चाचे म्हणाल तर मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या मुगात ११-१२ ग्रॅम प्रथिने असतात, जवळपास दोन अंड्यांइतकी. साठ किलो वजनाच्या माणसाची दिवसाची गरज सुमारे ५० ग्रॅम. तिचा पाव हिस्सा दहा रुपयांच्या आत भागतो. दुकानातल्या कुठल्याही ‘प्रोटीन बार’ला हे जमणार नाही.

डाळ म्हणजे पातळ आमटीच, असे नाही. सांडणार नाही अशा रूपात ती नेण्याच्या खूप रीती आपल्याकडे आहेत. मटकी-मुगाची सुकी उसळ. झुणका. मेथी, शेपू किंवा कोबीत घातलेली भिजवलेली मूगडाळ. ढोबळी मिरचीला किंवा कांद्याच्या पातीला पेरलेले बेसन. भाजणीचे थालीपीठ, ज्यात डाळी आधीच दळलेल्या असतात. घाईच्या दिवशी शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी दोन चमचे जास्त. ती भाजीची जागा घेणार नाही, पण डबा नुसता पिठाचाही राहणार नाही.

उसळीबरोबर लिंबाची फोड ठेवा आणि जेवताना पिळा. कडधान्यांतले लोह शरीराला सहज मिळत नाही. ‘क’ जीवनसत्त्व सोबत असले की ते जास्त शोषले जाते. चहा नेमके उलटे करतो, म्हणून जेवणानंतरचा कटिंग तासभर पुढे ढकला. कोशिंबीर न्यायची तर काकडी-गाजर चिरून दाण्याचे कूट घाला, मीठ मात्र पुडीत वेगळे द्या. आधी मीठ घातले की पाणी सुटते. तेवढाही वेळ नसेल तर अख्खी काकडी, मुळा किंवा पेरू डब्याबरोबर टाकला तरी पुरे.

सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. हे सहा तास उन्हाळ्यात जड जातात. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. शिळ्या भाताची तर विशेष काळजी घ्यावी, कारण त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकणे ही सवय सोडलेली बरी. उरला की लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. एप्रिल-मे मध्ये ओल्या नारळाऐवजी सुके खोबरे किंवा कूट वापरावे. मोड आलेली कडधान्ये कच्ची न देता वाफवून द्यावीत. वाफा निघत असताना झाकण लावू नये, आत पाणी धरते आणि पोळ्या ओल्या होतात. पण भाजी निवली की उघडीही ठेवू नये.

खरी अडचण पैशांची नाही, सकाळच्या वेळेची आहे. तो वेळ बहुतेक घरांत एकाच बाईचा जातो. म्हणून डाळीची तयारी आदल्या दिवशी हलवावी आणि ती सगळ्यांनी वाटून घ्यावी. पालेभाजी निवडणे, कडधान्य भिजवणे, दाणे भाजून कूट करणे या कामांना पाककौशल्य लागत नाही. डबा नेणाऱ्याने एवढे करावेच. कडधान्य भिजवून मोड आणले की फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. सकाळी फक्त फोडणी उरते.

सुरुवात रविवारी करा. सोमवारी झुणका करा, त्याला पूर्वतयारी लागत नाही. रविवारीच मूठभर मटकी भिजत घाला आणि रात्री उपसून कापडात बांधा. मंगळवारच्या डब्याला मोड आलेली मटकी तयार असेल.