फोटो संकेतस्थळावर चढत नसेल तर काय करावे?

ठिबक संच शेतात बसला, दुकानदाराची पावती हाती आली. अनुदानाच्या कामात आता एवढेच राहिले की, पावतीचा व संचाचा फोटो संकेतस्थळावर चढवावयाचा. पाहू जाता हे काम पाच मिनिटांचे आहे. परंतु पुष्कळदा गाडे येथेच अडते. शेतकरी सेवा केंद्राच्या बाकावर बसून राहतो, पडद्यावर चकती फिरत राहते आणि अखेर इंग्रजीत एक ओळ उमटते. केंद्रचालक पुन्हा तेच बटण दाबतो. पुन्हा तीच ओळ येते. दुपार टळते आणि “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,” असे सांगून शेतकऱ्यास परत पाठविले जाते. मुदत मात्र उद्यासाठी थांबत नाही.

शेतकऱ्यांसाठी असलेल्या अनेक योजनांचे अर्ज आज महाडीबीटी पोर्टलवर घेतले जातात व त्यांना लागणारी कागदपत्रेही तेथेच जोडावी लागतात. अशा वेळी अडलेला एक फोटो म्हणजे अडलेले अनुदान होय. म्हणून हा दोष कसा ओळखावा व कसा दूर करावा, हे गावातील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पिकाचे पान पिवळे पडले की जाणता शेतकरी लगेच औषध फवारीत नाही. नत्र कमी पडले, पाणी साचले, की मुळास कीड लागली, हे तो आधी पाहतो. येथेही तसेच करावयाचे असते. फोटो चढत नाही हे केवळ लक्षण होय. मूळ दोष चारपैकी एका ठिकाणी असतो : स्वतः फोटोत, ब्राउझरमध्ये, इंटरनेटच्या जोडणीत किंवा पलीकडील सर्व्हरवर. पहिले तीन दोष बहुधा गावातच दूर करता येतात. चौथा मात्र आपल्या हातचा नसतो.

पडद्यावरील आकडा वाचावा

त्रुटीची ओळ पुसून टाकण्यापूर्वी ती वाचावी. तीत पुष्कळदा तीन अंकी आकडा असतो आणि त्याचा पहिला अंक फार उपयोगी पडतो. आकडा ४ ने सुरू होत असेल तर आपण पाठविलेल्या मागणीत काही खोट आहे असे सर्व्हर सांगत असतो. तो ५ ने सुरू होत असेल तर अडचण बहुतेक पलीकडे आहे.

४१३ म्हणजे फाइल फार मोठी आहे. ४१५ म्हणजे फाइलचा प्रकार स्वीकारला जात नाही. ४०१ किंवा ४०३ आल्यास लॉगिनची वेळ संपली असावी अथवा त्या पानाची परवानगी नसावी. ४०४ म्हणजे ते पान त्या पत्त्यावर नाही. जुना जतन केलेला पत्ता उघडल्यास असे होते. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा प्रयत्न झाला. बटण पुनःपुन्हा दाबणाऱ्यास हा आकडा भेटण्याचा संभव असतो व त्यावर थांबणे हाच उपाय होय. ५००, ५०२, ५०३ व ५०४ हे सर्व्हरकडील बिघाडाचे किंवा गर्दीचे आकडे होत.

फोटोतील दोष

सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे फोटोची साइज. हल्लीच्या मोबाइलवर काढलेला ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा फोटो सहज ३ ते ५ एमबी भरतो. उलट अर्जाच्या पानावर काही शे केबीचीच मर्यादा दिलेली असू शकते. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, हे ध्यानात ठेवले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळते. तोच फोटो १६०० गुणिले १२०० पिक्सेलचा केल्यास त्यातील पिक्सेल सहाव्या हिश्श्याहून किंचित कमी होतात, आणि नीट काढलेल्या पावतीवरील अक्षरे तरीही वाचता येतात. संगणकावरील ‘पेंट’मध्ये ‘रीसाइझ’ या आज्ञेने हे काम होते. फोटो लहान केल्यावर बिलाचा क्रमांक, तारीख व रक्कम स्पष्ट दिसते की नाही, हे उघडून पाहावे. अक्षरे पुसट झाल्यास फोटो चढेल, परंतु तपासणीत तो परत येण्याची भीती राहील.

दुसरा दोष फाइलच्या प्रकाराचा. बहुतेक संकेतस्थळे जेपीजी, पीएनजी किंवा पीडीएफ मागतात. आयफोनमध्ये मात्र २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठविण्याची सोय आली आणि काही अँड्रॉइड मोबाइलमध्येही तसा पर्याय असतो. पुष्कळ संकेतस्थळे हा प्रकार ओळखत नाहीत. अशा वेळी फाइलच्या नावाचे शेपूट बदलून ‘जेपीजी’ लिहिणे हा उपाय नव्हे. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतले बियाणे बदलत नाही. फोटो योग्य प्रकारात रूपांतरित करावा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास पुढील फोटो जेपीजी म्हणूनच साठतात.

तिसरा दोष लहान, पण चटकन लक्षात न येणारा आहे. फाइलच्या नावात मोकळ्या जागा, कंस, टिंबे किंवा देवनागरी अक्षरे असल्यास काही संकेतस्थळे ती नाकारतात. नाव इंग्रजी अक्षरांत, छोटे व साधे ठेवावे.

साइज कमी व्हावी म्हणून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवून परत घेण्याची युक्ती अनेकजण करतात. पावतीपुरती ती चालून जाते. परंतु जेथे शेताचे स्थान नोंदलेला फोटो मागितला आहे तेथे ती घातक ठरते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठविताना फाइलमध्ये दडलेली स्थानाची नोंद निघून जाते. असा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा तारेने थेट संगणकात घ्यावा.

ब्राउझरमधील दोष

फोटो निर्दोष असूनही चढत नसेल तर ब्राउझर पाहावा. प्रथम बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे. पान फार वेळ उघडे राहिल्यास लॉगिनची मुदत संपते व पान वरून जसेच्या तसे दिसते. त्यानंतर खाजगी खिडकी उघडून पाहावे. क्रोम व एज यांत कंट्रोल, शिफ्ट व एन या कळा एकत्र दाबल्या की ती उघडते. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी दाबावे. तेथे फोटो चढला तर दोष साठलेल्या जुन्या माहितीत किंवा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे असे समजावे. मग त्या संकेतस्थळापुरत्या कुकीज व कॅशे पुसावे आणि एक्स्टेन्शन बंद करून पाहावे. सर्वच माहिती एकदम पुसण्याचे कारण नाही.

मोबाइलवर फोटो निवडण्याची खिडकी उघडत नसेल, किंवा कॅमेरा सुरू होत नसेल, तर सेटिंग्जमध्ये ब्राउझरला तशी परवानगी आहे का ते पाहावे.

जुन्या संगणकांविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये काढून घेतला, आणि विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून मिळत नाहीत. अशा यंत्रावर नवी संकेतस्थळे अडखळली तर नवल नाही. त्या वेळी दुसरा संगणक किंवा मोबाइल वापरणे हाच जवळचा मार्ग होय.

कधी कधी ‘आपले कनेक्शन खाजगी नाही’ अशा अर्थाचा इशारा येतो. तो दिसताच संगणकाची तारीख पाहावी. संगणकातील बटणासारखा सेल संपला म्हणजे वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटू लागते. तारीख सुधारताच इशारा नाहीसा होतो व सेल बदलल्यावर तो सहसा परत येत नाही. तारीख बरोबर असूनही इशारा राहिला, तर तो डावलून आधार क्रमांक किंवा बँकेची माहिती कदापि भरू नये.

जोडणीतील दोष

व्हिडिओ नीट दिसतो, मग फोटो का जात नाही, असा प्रश्न विचारला जातो. व्हिडिओ खाली येतो आणि फोटो वर जातो. मोबाइल जाळ्यावर वर जाण्याचा वेग बहुधा बराच कमी असतो. हिशेबच करून पाहावा. ५ एमबीचा फोटो म्हणजे सुमारे ४० मेगाबिट. वर जाण्याचा वेग सेकंदास अर्धा मेगाबिट असेल तर त्यास ८० सेकंद लागतील. तेवढ्यात जोडणी एकदा तुटली की सारे प्रथमपासून. तोच फोटो २०० केबीचा केल्यास तीन-चार सेकंदांत पोहोचतो. म्हणून ‘टाइम आउट’ किंवा ‘कनेक्शन रीसेट’ असे शब्द आल्यास फोटो लहान करावा, उघड्यावर जाऊन पाहावे, अथवा वाय-फाय व मोबाइल डेटा यांची अदलाबदल करावी. अनेक फोटो असल्यास एकेक चढवावा.

सर्व्हरचा दोष कधी मानावा

तोच लहान, निर्दोष फोटो दोन वेगवेगळ्या यंत्रांवरून व दोन वेगळ्या जोडण्यांवरून चढत नसेल, आणि शेजारच्या गावातही तीच तक्रार असेल, तरच दोष सर्व्हरचा मानावा. मग बटण दाबीत राहू नये. भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी ओसरल्यावर, प्रयत्न करावा. मात्र तत्पूर्वी त्रुटीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा व वहीत अर्ज क्रमांक, तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवावा. संबंधित कार्यालयास वा मदत कक्षास कळविताना “होत नाही” एवढे सांगण्यापेक्षा ही नोंद अधिक कामी येते. मुदतीचा प्रश्न निघाल्यास शेतकऱ्याच्या हाती दाखविण्याजोगे काही असते.

कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. फोटो, ब्राउझर व जोडणी ही तिन्ही एकदम बदलल्यास काम कदाचित होईल, पण दोष कोठे होता ते कळणार नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शेतकऱ्यापुढे तोच घोळ होईल. मूळ फोटो कधीही पुसू नये. लहान करावयाची ती त्याची प्रत. पावतीचा फोटो पुन्हा काढता येतो, परंतु गारपिटीने झोडपलेल्या द्राक्षाचा किंवा पाण्याखाली गेलेल्या सोयाबीनचा फोटो आठ दिवसांनी पुन्हा काढता येत नाही. फोटो चढल्यावर तो संकेतस्थळावर उघडून पाहावा, आणि अर्ज सादर झाल्याची पोच हाती आल्यावाचून काम पूर्ण झाले असे मानू नये.

शेवटच्या दिवसाची वाट न पाहणे हे सर्वांत स्वस्त औषध होय. पावती हाती आल्याच्या दिवशीच फोटो चढविला, तर वरीलपैकी कोणताही दोष निघाला तरी तो शोधण्यास वेळ उरतो. मग बाकावर बसलेल्या शेतकऱ्यास “उद्या या” असे सांगण्याची पाळी आली, तरी त्याचा उद्याचा दिवस मुदतीच्या आतलाच असेल.