पेपरमिंटच्या गाळ्यात सकाळी ८ ते रात्री ९

सकाळी ८
मुलुंड पश्चिमेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुगंधी तेलांचा गाळा आहे. शटर वर गेलं की पहिलं काम एक्झॉस्ट पंखा लावण्याचं. रात्रभरात पेपरमिंटची वाफ साचलेली असते. वास हवाहवासा असला तरी बंद जागेत तासन्‌तास बसलं की डोकं जड होतं आणि डोळे चुरचुरतात. देवाची उदबत्ती आम्ही दाराबाहेर लावतो. कारण पेपरमिंटचं तेल ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं, की त्याची वाफ साध्या ठिणगीनेही पेटू शकते.

मुलुंडला हा व्यवसाय नवा नाही. १९२२ साली सुरू झालेल्या एस. एच. केळकर कंपनीचा कारखाना इथल्या लालबहादूर शास्त्री मार्गावर आहे. त्यामुळे सुगंधाचं काम जाणणारी माणसं या भागात भेटतात. कामाला आलेल्या नव्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी एकच सांगतो: नाकाने ओळखायला शिका, पण नाकावर भरवसा ठेवून माप सोडू नका.

सकाळी ९.३०
माल येतो, तो अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमधून. त्याआधी भाव पाहतो. मेंथा तेलाचे वायदे अंधेरीच्या चकाल्यातल्या एमसीएक्स या वायदे बाजारात होतात. एक लॉट ३६० किलोचा आणि मालाच्या डिलिव्हरीचं केंद्र उत्तर प्रदेशातलं चंदौसी. बाराबंकी, संभल, बदायूं या पट्ट्यातले शेतकरी उन्हाळ्यात पीक कापून वाफेवर तेल काढतात.

इथेच मोठा घोटाळा होतो. ते मेंथा तेल जपानी पुदिन्याचं असतं. त्यात मेंथॉल साधारण ७० ते ८० टक्के. ते गोठवून मेंथॉलचे खडे काढतात आणि उरलेलं तेल काही ठिकाणी स्वस्त ‘पेपरमिंट’ म्हणून विकलं जातं. खरं पेपरमिंट वेगळ्या वनस्पतीचं. त्यात मेंथॉल साधारण ३० ते ५५ टक्के. म्हणून कॅनवर मेंथा पायपरिटा हे वनस्पतीचं नाव आणि तपासणीचा अहवाल नसेल, तर माल दारातूनच परत जातो.

सकाळी ११
बाटल्या भरायची वेळ. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा. तेल ओतायला काचेचं नसराळं आणि बाटलीही काचेची, गडद तपकिरी. उजेड आणि हवा लागली की तेल जुनाट होतं आणि असं तेल त्वचेला जास्त झोंबतं. साधं प्लास्टिक मऊ पडतं आणि ड्रॉपरचं रबरही चिकट होतं. त्याऐवजी आम्ही थेंब पाडणारं आतलं बूच बसवतो. लहान मुलांना सहज उघडता न येणारं झाकण हवंच. लेबलवर वनस्पतीचं नाव, बॅच आणि भरल्याची तारीख. तेल सांडलं तर जुन्या कापडाने टिपून घ्यायचं, मोरीत सोडायचं नाही.

दुपारी १.३०
जेवणाआधी हात साबणाने दोनदा धुतो. तेल पाण्यात मिसळत नाही. तरी डोळ्यात गेलं तर आधी पाण्याचा सतत प्रवाह आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टर. त्वचेवर लागलं तर मात्र आधी खोबरेल चोळून पुसायचं आणि मग साबण लावायचा.

थंडावा कसा वाटतो, असं अनेकजण विचारतात. खरं तर त्वचेचं तापमान उतरत नाही. थंडी ओळखणाऱ्या नसांवर एक ग्राही (रिसेप्टर) असतो, मेंथॉल तोच चेतवतं. या प्रकारच्या ग्राहींच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणूनच थंड वाटलं म्हणजे आजार उतरला, असं समजू नये.

दुपारी ४
आता गिऱ्हाईकं. बाटली हातात देण्याआधी माझा एकच प्रश्न: “कोणासाठी?”

घाटकोपरहून लोकलने आलेल्या काकांचं डोकं ठणकत होतं. त्यांना सांगितलं: ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १० ते १२ थेंब, म्हणजे सुमारे २ टक्के. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. मग कपाळावर आणि कानशिलावर, डोळ्यांपासून लांब. डोकेदुखी वारंवार येत असेल तर डॉक्टर गाठा.

बोरिवलीच्या एका आईला आठ महिन्यांच्या बाळाच्या सर्दीसाठी तेल हवं होतं. मी दिलं नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल गेलं तर श्वासनलिका आकसून श्वास अडू शकतो. कापूर, ओव्याचं फूल आणि मेंथॉलचे खडे एकत्र करून होणारी घरगुती अमृतधारा हीसुद्धा लहान मुलांच्या नाकाला किंवा तोंडाला लावू नये. त्या आईला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

पोटात घेण्याबद्दलही विचारणा होते. आतड्याच्या तक्रारींवर वापरल्या जाणाऱ्या पेपरमिंटच्या कॅप्सूलवर खास आवरण असतं, म्हणून त्या पोटात न फुटता पुढे आतड्यात विरघळतात. बाटलीतलं सुटं तेल त्या जागी चालत नाही. ते अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं आणि आम्ल वर येतं. कॅप्सूलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

संध्याकाळी ६.३०
डिफ्यूझर विचारणाऱ्यांना सांगतो: तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी. घरात मांजर असेल तर टाळा, तिचं यकृत ही तेलं नीट पचवू शकत नाही. पावसाळ्यात वाफेच्या भांड्यात मोठ्यांनी एकच थेंब टाकावा आणि डोळे मिटून घ्यावेत. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

रात्री ९
बाटल्या थंड, अंधाऱ्या कपाटात, कुलूपबंद. झाकणं तपासली, वीज बंद केली. मग दारावरचा कागद पुन्हा नीट चिकटवतो. त्यावर लिहिलंय: मुलाने तेल प्यायलं तर उलटी करायला लावू नका, कारण तेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा, रुग्णवाहिकेसाठी १०८. तोच मजकूर आमच्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलवर आहे. तुमच्या घरात पेपरमिंटची बाटली असेल तर ती आजच मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच, बंद कपाटात ठेवा.