आतड्याची कुरबूर, मूत्राशयाची तक्रार

कामगार वारंवार मुतारीकडे गेला की मुकादम त्याला कामचुकार ठरवतो. आम्ही त्याला आधी पोटाचे विचारतो. मोठे आतडे व मूत्राशय या दोहोंच्या संवेदना मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी एकाच भागात येऊन पोहोचतात. त्यामुळे आतड्याला क्षोभ झाला की धडधाकट मूत्राशयही अर्धवट भरलेले असतानाच आकुंचू लागते. पिट्सबर्ग येथे २००५ साली उंदरांच्या आतड्याला मुद्दाम क्षोभ आणला, तेव्हा मूत्राशयाची आकुंचने वाढली. बद्धकोष्ठाची तऱ्हा निराळी. तेथे तुंबलेला मलाशय शेजाऱ्याला सरळ रेटतो. आमच्या कित्येक भगिनी तर मुतारीची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मळ कडक होतो, त्रास दुणावतो! लघवीत जळजळ वा रक्त असेल तर मात्र डॉक्टरच गाठावा. मुतारीचे आम्ही मालकाशी बोलू.