वाटेची खबर फुटली की पट्टे पुसतात

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात केंब्रिजच्या जेफ्री टेलर यांनी गॅसच्या ज्योतीसमोर काजळी धरलेल्या काचा लावून प्रकाश अगदी मंद केला. इतका, की हिशेबाने सुईजवळून एका वेळी जेमतेम एखादाच प्रकाशकण जावा. सर्वांत मंद प्रकाशात छायाचित्र उमटायला सुमारे २००० तास, म्हणजे जवळपास तीन महिने लागले. तरीही सुईच्या सावलीत काळे-उजळ पट्टे तितकेच स्पष्ट होते. एकटा कणही लाटेसारखा वागत होता!

असे पट्टे रेणूंचेही मिळतात. २००४ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवले. ते जसजसे तापले, तसतसे पट्टे पुसट होत नाहीसे झाले. कारण तापलेला रेणू प्रकाश बाहेर टाकतो आणि तो कोणत्या वाटेने गेला, याची खबर त्या प्रकाशातून फुटते. ती कोणी वाचो वा न वाचो, पट्टे जातातच. यालाच ‘डीकोहिरन्स’ म्हणतात.

क्वांटम संगणकापुढची मोठी अडचण हीच आहे. बाहेरच्या उष्णतेने किंवा गोंगाटाने आतली खबर फुटली, की गणित बिघडते. म्हणून त्यातील अनेक यंत्रे अतिथंड, निर्वात पेटीत जपावी लागतात.