लोणारचे खारे तळे : पाहण्याजोगे आणि शिकण्याजोगे



गळीत हंगाम आटोपला की देवदर्शनाला निघायची आपल्याकडे रीतच आहे. या खेपेला वाटेत लोणार धरावे, असे आम्ही सुचवितो. पालमहून गंगाखेड, परभणी, जिंतूर, मंठा असे गेले की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते.

काठावरून पाहिले तर डोंगरांच्या कुशीतले तळे वाटते. पण हा डोंगर नव्हे. फार पूर्वी आकाशातून मोठी उल्का काळ्या पाषाणावर आदळली. तिच्या तडाख्याने हा खड्डा पडला आणि उडालेल्या दगडमातीचा काठ झाला. पूर्वी याला ज्वालामुखीचे तोंड समजत. 1973 साली इथल्या खडकांच्या तपासणीतून उल्केचा पुरावा मिळाला. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. वय कोणी 50 हजार वर्षे सांगतात, तर 2010 सालच्या अभ्यासात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले.

काठावर धार आहे. गोमुखातून गोडे पाणी पडते अन्‌ खाली तळ्याकडे जाते. तरी तळे खारे! पाण्याचा सामू 10 च्या आसपास. असे का? कारण पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाऊस आणि झरे आत येतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मात्र तिथेच साठतात. ‘आइन-ए-अकबरी’तही इथल्या क्षारांचा उल्लेख आहे. जून 2020 मध्ये पाणी कमी होऊन खारेपणा वाढला, खारात वाढणारे सूक्ष्म जीव फोफावले आणि तळे गुलाबी झाले. 

काठाच्या रानात मोर, वानर, घोरपड दिसतात. बिबट्याचाही वावर आहे. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाट्या उतरतात. हे अभयारण्य आहे आणि 2020 पासून रामसर यादीतली पाणथळ जागाही. म्हणून दगड उचलू नका, प्लास्टिक टाकू नका. दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम बघितल्याशिवाय परतू नका. सोबत पिण्याचे पाणी ठेवा, उन्हाच्या आत खाली उतरा.

आता ऊस विकासाचे आमचे दोन शब्द. लोणारला जे निसर्गाने केले, तेच आपण शिवारात हाताने करतो. “उसाला पाणी जेवढं तेवढं थोडं” म्हणून पाटाने पाणी सोडीत राहायचे, निचऱ्याचा चर मात्र बांधाच्या वादात बुजवायचा. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते, ऊन ते उडवते, क्षार वर येतात. आधी पांढरी पापुद्री दिसते, मग उगवण विरळ होते, फुटवे कमी पडतात. सामू 8.5 च्या वर गेला की जमीन चोपण होऊ लागली समजा. अशी जमीन पुन्हा सुधारायला वर्षे लागतात.

तेव्हा खोडवा ठेवायच्या आधी माती परीक्षण करा. शेजाऱ्याशी बोलून चर मोकळा करा, कारण एकट्याच्या शेताचा निचरा कधी होत नाही. शेणखत, ताग, धैंचा द्या. जिप्सम मात्र परीक्षणाच्या अहवालाप्रमाणेच टाका. जमेल त्यांनी ठिबक बसवावे.

लोणारचे खारे तळे बघायला जग येते. आपले खारे शेत बघायला कोणी येणार नाही.